पडत नाहीत ती माणसं

आमच्या क्लबाच्या मालकाला एक गोष्ट काही केल्या समजत नव्हती. मुष्टियुद्धात माणूस जसजसा वर चढतो, तसतसं समोरच्याला आडवं करणं कमी होत जातं, आणि त्यात मारणाऱ्याचा काहीही दोष नसतो. मालकाचा धंदा टाइल्सचा. टाइल हातातून निसटली की फुटते, एवढंच त्याला आयुष्यात दिसलेलं. फुटली नाही तर टाकणाऱ्याच्या हातात जोर नाही, असा त्याचा हिशेब.

मी गवंडी आहे. भिंतींना गिलावा करतो. त्याआधी बरीच वर्षं रिंगमध्ये होतो. किती लढती जिंकलो ते विचारू नका, बायको अजून हसते. पण मला कुणी झोपवलं नाही. हरलो असेन, तोंड सुजलं असेल, एकदा दोन दिवस जेवता आलं नव्हतं, पण कुठल्याही पंचाला माझ्या डोक्यावर उभं राहून दहा आकडे पुरे मोजता आले नाहीत. याचा मला अभिमान आहे आणि तो मी कुणापासून लपवत नाही. ज्याला आवडत नसेल त्याने दुसरीकडे बसावं.

माझी मुलगी त्या क्लबात कोच आहे. लहानपणी ती रिंगच्या कडेला बसून गृहपाठ करायची आणि मान वर न करता सांगायची, "बाबा, डावा हात खाली जातोय." तेव्हा मला राग यायचा. आता कळतं की घरातच कोच होती आणि मी बाहेर पैसे देत होतो.

क्लब म्हणजे मालकाच्या गोदामाचा मागचा भाग. मध्ये रिंग, छताला टांगलेल्या तीन बॅगा, एका भिंतीला तडा गेलेला आरसा. खाली मालकाच्या दुकानातून उरलेल्या टाइल्स, एक निळी, एक तपकिरी, एक फुलाफुलांची, जशा हाती लागल्या तशा बसवलेल्या. नवीन मुलं दोरीवरच्या उड्या मारताना त्या बघून गरगरायची. त्याच गोदामात एक मुलगा टाइल्सची खोकी उचलायचा. दोन खोकी एकदम, जशी उशी उचलावी तशी. माझ्या लेकीने त्याला एक दिवस हातमोजे दिले आणि बॅगेपुढे उभा केला. त्याने डाव्या हाताने एक हुक, म्हणजे बाजूने वळवलेला ठोसा, मारला तर छताची माती खाली आली. त्या दिवसापासून सगळे त्याला घण म्हणू लागले.

घणाने चौदा लढती केल्या आणि चौदाही माणसं झोपवली. चौथ्या फेरीपुढे प्रकरण कधी गेलंच नाही. मालकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुकानाच्या दारावर घणाचा एवढा मोठा फोटो लागला की दार शोधावं लागायचं. आणि मग विजेतेपदाची लढत ठरली. समोर सध्याचा विजेता, ज्याला सगळे खांब म्हणायचे. का, ते सांगायला नको. बारा फेऱ्यांची लढत, टीव्हीवर दिसणार.

लढत ठरली त्याच दिवशी मालक क्लबात आला. चहाचा कप हातात, बूट नवे.

"हे बघ पोरी," तो माझ्या लेकीला म्हणाला, "टीव्हीवाल्यांना आडवा झालेला माणूस हवा असतो. लोक त्याचे पैसे मोजतात. यावेळी नॉकआउट हवा म्हणजे हवा."

"आणि गुणांवर जिंकला तर?"

"ते जिंकणं म्हणजे पाण्यात चहा दाखवल्यासारखं. तसं झालं तर पुढच्या लढतीला मी बाहेरून मोठा कोच आणतो. तू आहेसच की, बादली धर, टॉवेल धर."

"बादली माझ्याकडे असते," मी म्हणालो.

मालकाने माझ्याकडे बघितलंही नाही. लेक मात्र हसली नाही, चिडलीही नाही. "बघू," एवढंच म्हणाली. मी बाप आहे, मला तो "बघू" ओळखता येतो. घणाला खोकी उचलण्यातून उचलून इथवर तिने आणलं होतं, आणि आता वर जायची वेळ आली तर म्हणे बादली धर.

पुढचे दोन-तीन दिवस ती घरी जेवणाच्या टेबलावर घणाच्या जुन्या लढती बघत बसली. त्याच त्याच जागा मागे घेऊन परत बघायची. बायको म्हणाली, "त्या पोराला आपल्याकडेच जेवायला बोलाव, म्हणजे प्रत्यक्ष बघता येईल." शेवटी लेकीने मला हाक मारली.

"बाबा, इकडे या. हुक मारल्यावर हा काय करतो ते बघा. हुक नका बघू, त्याच्यानंतरचं बघा."

मी बघितलं.

मुष्टियुद्धात नियम आहे. समोरचा खाली पडला की मारणाऱ्याने त्याच्या डोक्यावर उभं राहायचं नाही. रिंगच्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं, तोवर पंच मोजतो. घणाच्या वाट्याला चौदा माणसं आली आणि चौदाही पडली, त्यामुळे प्रत्येक वेळी तो हुक मारून वळला आणि कोपऱ्याकडे चालू लागला. सुरुवातीच्या लढतींमध्ये तो माणूस पडल्यावर वळायचा. मग पडता पडता वळू लागला. शेवटच्या तीन लढतींमध्ये तर समोरचा अजून दोन्ही पायांवर होता आणि हा हात खाली सोडून, पाठ फिरवून, कोपऱ्याकडे निघालेला.

"हा मारतो आणि बघतच नाही," लेक म्हणाली.

"आजवर बघायची गरज पडली नाही त्याला."

"खांबासमोर गरज पडेल. बाबा, उद्या क्लबात या. येताना तुमचे हातमोजे आणा."

मी म्हणालो, माझं वय बघ. ती म्हणाली, बघितलंय, म्हणूनच तुम्हाला बोलावतेय. अशा उत्तरावर बाप काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी मी डोक्याला जाड गादीचं शिरस्त्राण बांधून घणासमोर उभा राहिलो. पोरगा बिचारा लाजत होता. "काका, हळू मारू का?" मी म्हणालो, "तुझ्या मालकाला विचार, तो हळू मारणाऱ्यांना पैसे देतो का." तेव्हा कुठे तो पेटला.

त्याचा हुक मला येताना दिसला. एवढीच सगळी गंमत असते. खांदा आधी हलतो, पायाची टाच उचलली जाते, मग हात येतो. ठोसा येताना दिसला की हनुवटी आत जाते, मान घट्ट होते, आणि तो जिकडे चाललाय तिकडेच डोकं थोडं सोबत जातं. मग तो लागतो, चांगलाच लागतो, कानात शिट्टी वाजते, पण दिवा विझत नाही. माणूस झोपतो तो न दिसलेल्या ठोशाने. मला लागला, मी हेलकावलो, आणि घण वळून कोपऱ्याकडे निघाला. मी दोन पावलं त्याच्या मागे गेलो आणि कानामागे एक टपली मारली.

तो दचकून फिरला. "काका! तुम्ही पडला नाहीत?"

"संध्याकाळपर्यंत एक भिंत पुरी करायची आहे, पडायला वेळ कुठला?"

सगळा क्लब हसला. घण हसला नाही. त्याने परत मारला, परत वळला, परत टपली खाल्ली. पाच-सहा वेळा झालं तसं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दोरांवर हात ठेवून तो माझ्या लेकीला म्हणाला, "ताई, माझ्या हातातला जोर गेला का?"

त्याला उत्तर मीच दिलं, कारण हे मला माझ्या हाडांनी माहीत होतं. म्हटलं, "वाळू चाळताना बघितली आहेस ना? बारीक सगळं खाली जातं, जाळीवर राहतात ते खडे. तू आजवर ज्यांच्याशी लढलास त्यांच्यात सगळं मिसळलेलं होतं. ज्यांच्या हनुवटीत दम नाही, ज्यांना ठोसा दिसत नाही, दम लागला की जे हात खाली टाकतात, ते सगळे खालीच गळतात. वर कोण पोचतं? ज्यांना तुझ्यासारख्या दहा जणांनी मारून बघितलं आणि जे पडले नाहीत ते. तुझा जोर तेवढाच आहे, बाळा. समोरचे बदलले."

लेकीने त्या दिवसापासून एक सक्ती केली. हुक मारला की घणाने समोर बघायचं आणि मोठ्याने सांगायचं, समोरचा उभा आहे की पडला. बॅगेवर मारला तरी सांगायचं. आणि बॅग कुठली पडायला? म्हणून दिवसभर क्लबात एकच आवाज, "उभा! उभा! उभा!" बाकीची मुलं पोट धरून हसायची. कुणी पाणी प्यायला निघालं तरी मागून ओरडायची, "उभा!" मालक एकदा येऊन ऐकून गेला आणि जाताना कपाळाला हात लावला. पण लेक ढिम्म हलली नाही. उरलेल्या वेळात जॅब म्हणजे सरळ, झटपट ठोसे, पोटातले ठोसे, बाजूला सरकणं, आणि बारा फेऱ्या पुरेल असा दम. घणाला आयुष्यात पहिल्यांदा पाचवी फेरी कशी असते ते कळलं. त्याला उलटी झाली. तिने फडकं दिलं आणि म्हणाली, "पूस, आणि सहावीला उभा राहा."

टीव्हीवाल्यांच्या सोयीने लढत रविवारी दुपारी होती. सभागृह गच्च भरलेलं. आमच्या कोपऱ्यात लेक, मी आणि माझी बादली. मालक पहिल्या रांगेत, सोबत त्याचे धंद्यातले चार मित्र.

खांब जवळून बघितला तेव्हाच मला तो आवडला. खोटं कशाला बोलू? नाक दोनदा मोडून बसलेलं, कान भजीसारखे, पण डोळे कसे स्वच्छ, स्थिर. पहिल्या चार फेऱ्या दोघांनी एकमेकांना वाचलं. घणाचा जॅब चांगला चालला होता. मधूनच तो हुक मारायचा, खांब तो हातावर किंवा खांद्यावर घ्यायचा, आणि तोंडातल्या रबरी कवळीतून घणाचा आवाज यायचा, "उभा." पंचाने एकदा त्याच्याकडे बघितलं, पण बोलू नये असं काही नियमात नव्हतं बहुतेक.

पाचव्या फेरीत हुक लागला. नीट, हनुवटीच्या कडेला. खांबाचे गुडघे वाकले, सभागृह उठून उभं राहिलं, आणि त्या आरडाओरड्यात आमचं पोरगं जुन्या सवयीवर गेलं. त्याचा डावा पाय कोपऱ्याकडे वळला. हात खाली आले. तोंडातून "उभा" आलंच नाही. खांब वाकल्या गुडघ्यांवरूनच वर आला आणि उजवा हात सरळ घणाच्या गालावर. घणाचा हातमोजा जमिनीला टेकला. आयुष्यात पहिल्यांदा पंच त्याच्यासाठी आकडे मोजत होता.

मी लेकीकडे बघितलं. टॉवेल तिने इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. पंच आठ म्हणाला तेव्हा घण उठून तयार होता. उरलेली फेरी त्याने खांबाला मिठी मारून, दोरांना टेकून, कशीबशी काढली.

तो स्टुलावर येऊन बसला तेव्हा मला वाटलं, आता ही त्याला फाडून खाणार. मी तरी खाल्लं असतं. तिने सूज उतरावी म्हणून त्याच्या गालावर बर्फातलं थंड लोखंड दाबलं, श्वास सुरळीत होईपर्यंत थांबली, आणि एवढंच विचारलं, "काय विसरलास?"

"बघायला."

"मग आता बघ."

तेवढ्यात मालक कोपऱ्याशी येऊन चढला. "अरे तो हलला होता! संपव त्याला! एक हुक, बास एक!"

लेक त्याच्याकडे न वळता म्हणाली, "मालक, तुमचा पाय माझ्या टॉवेलवर आहे."

मालक उतरला. मी बादलीत तोंड घातलं, कारण हसलेलं टीव्हीवर दिसायला नको.

आणि मग जे झालं ते बघायला मी पदरचे पैसे मोजून परत जाईन. सहावी, सातवी, आठवी. घण जॅब मारायचा, सरकायचा, हुक मारायचा, बघायचा. "उभा." खांब तेवढ्याच शांतपणे घ्यायचा, फिरवायचा, उलट मारायचा, आणि आता घणालाही ते येताना दिसायला लागले होते. त्याची हनुवटी आत जात होती, मान सोबत फिरत होती. कालपर्यंतचा खोकी उचलणारा पोरगा आता जाळीवरचा खडा झाला होता, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. लोकांना मात्र कंटाळा आला. शिट्ट्या सुरू झाल्या. माझ्यामागे एक गृहस्थ ओरडला, "नाचायला आलात का? पैसे परत द्या!" मी वळून म्हणालो, "तुम्ही वर या, तुम्हाला लगेच आडवं करतो, पैसे वसूल होतील."

बाराव्या फेरीत घण गुणांवर पुढे होता. आम्हाला माहीत होतं, खांबालाही माहीत होतं. शेवटचं मिनिट उरलं असताना खांबाचा उजवा हात खाली आला. दमल्यासारखा. त्याच्या जबड्याची ती बाजू उघडी, घणाच्या डाव्या हाताला आमंत्रण दिल्यासारखी. सगळं सभागृह उठलं. मालक खुर्चीवर चढला होता. "मार! मार!" म्हणून त्याचा आवाज फाटला. खरं सांगतो, माझी स्वतःची डावी मूठ वळली. मी जन्मभर मार खाल्लेला माणूस, तो सापळा आहे हे मला दिसत होतं, तरी वळली.

माझी लेक काही बोलली नाही. तिने एक शब्द टाकला असता तर तो घणाने ऐकला असता. हुक बसला असता तर तिची जागा पक्की होती. ती नुसती दोराला हात लावून उभी राहिली.

घणाने बघितलं. हुक न मारताच म्हणाला, "उभा," आणि बाजूला सरकून एक जॅब ठेवला. खांबाचा लपवलेला ठोसा जिथे घणाचं डोकं असायला हवं होतं तिथून रिकामा गेला. घंटा वाजली.

तीनही परीक्षकांनी घणाला विजेता ठरवलं. पट्टा कमरेला बांधला गेला तेव्हा अर्धं सभागृह टाळ्या वाजवत होतं, अर्धं घरी निघालं होतं. खांब सुजलेल्या ओठांनी आमच्या कोपऱ्यात आला आणि घणाला म्हणाला, "सारखं काय पुटपुटत होतास रे?"

"उभा."

"मला वाटलं माझी टिंगल करतोयस."

"नाही. मला आठवण राहावी म्हणून."

खांब हसला, ओठ फाटला म्हणून थांबला, आणि माझ्या लेकीकडे वळला. "मारणारे खूप आले माझ्यासमोर. बघणारा हा पहिलाच. तुम्ही शिकवलंत?" तिने मान डोलावली. त्याने हातमोजा काढून तिच्याशी हात मिळवला. माझा ऊर भरून आला आणि मी ते लपवलं नाही.

कपडे बदलायची खोली म्हणजे एक बाक, एक नळ, भिंतीवर फुटकी साबणदाणी. घण बाकावर बसला होता, लेक बोथट कात्रीने त्याच्या हातांच्या पट्ट्या कापत होती. पट्टा माझ्या मांडीवर. मालक आत आला. नवे बूट कुणीतरी तुडवले होते.

"जिंकलास, अभिनंदन," तो घणाला म्हणाला. मग लेकीला, "पण शब्द म्हणजे शब्द. टीव्हीवाले नाराज आहेत. पुढच्या लढतीला मोठा कोच येईल."

कात्री थांबली. मग परत चालू झाली. "बरं," ती म्हणाली.

त्या "बरं"ने माझं डोकं फिरलं. मी उठणारच होतो. पण माझ्याआधी घण बोलला, हात तसाच तिच्यापुढे धरून, मान खाली घालून.

"मग येताना त्यांनी लढायला माणूसही आणावा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी ताईकडे. ताई जिथे असेल तिथे."

"अरे वेड्या, नॉकआउटने नाव झालं तुझं! चौदा जणांना झोपवलंस!"

"त्या चौदातल्या एकाचंही तोंड मला आठवत नाही, मालक. मी बघितलंच नव्हतं. आजचा माणूस मी बारा फेऱ्या बघितला. त्याला परत कुठेही ओळखीन."

मालक उभाच राहिला. त्याला काही कळलं असेल असं मी म्हणणार नाही. पण विजेता हातचा जातोय हे टाइल्सवाल्यालाही कळतं. तो खाकरला आणि माझ्या मांडीवरच्या पट्ट्याकडे बोट दाखवून, अगदी पडेल आवाजात म्हणाला, "ताई आहेच की कोच. मी कुठे नाही म्हणतोय? हा पट्टा दुकानात लावला तर चालेल ना?"

बाहेर पडताना घण पुढे गाडी बघायला गेला. मी बादली घेतली, लेकीने पिशवी. लांब बोळातून आम्ही दोघेच चाललो होतो.

"बाबा, पाचव्या फेरीत मी घाबरले होते. दिसलं का?"

"मला दिसलं. त्याला नाही."

थोडं चालून मी विचारलं, "शेवटी तू गप्प का राहिलीस? मार म्हणाली असतीस, बसला असता एखादवेळी. मालकाने डोक्यावर घेतलं असतं तुला."

"आणि नसता बसला तर? माझ्या जागेसाठी त्याचा जबडा पणाला लावू?" ती म्हणाली, आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन पुढे गेली, जशी काही विशेष बोललीच नव्हती.

मी जागच्या जागी थांबलो. दारावर तिकिटं फाडणारा माणूस खुर्चीत बसून पाय चोळत होता. त्याला म्हणालो, "ती पुढे चालली आहे ना, ती कोच. माझी मुलगी आहे." त्याने मला काही विचारलं नव्हतं, पण कुणालातरी सांगितल्याशिवाय मला त्या दारातून बाहेर पडवेना.